बोर्डात केस जायच्या आधी : कॅन्सरच्या पेशंटसोबत जाणाऱ्यांसाठी

माझ्या मामांच्या गालातली जखम पहिल्यांदा कापली गेली ती तालुक्याच्या गावी, खुर्चीत बसवून, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. "बारीकसं आहे, काढून टाकू आणि तपासायला पाठवू," असं डॉक्टर म्हणाले. एका फेरीत सुटलो म्हणून आम्हालाही बरं वाटलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला : कॅन्सर, आणि कापलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत पोचलेला. म्हणजे थोडा आतच राहिला होता. पुढं मोठ्या हॉस्पिटलात पहिलाच प्रश्न आला, "कापायच्या आधी जखम केवढी होती?" स्कॅन तर काढलेलाच नव्हता. शेवटी मामींच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. मामांनी पुण्याच्या मुलाला दाखवायला म्हणून बॅटरीच्या उजेडात गाल ओढून काढलेला. तो अंधुक फोटो नंतर सात-आठ डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्यावर पाहिला.

त्या सात-आठ जणांच्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जॉइंट क्लिनिक हा शब्द जास्त कानावर पडतो. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत नोकरी करतो. पण मामांनंतर नात्यातल्या आणि शेजारच्या अशा चौघांसोबत फाईल घेऊन फिरलो, आणि "तुमची केस बोर्डात ठेवू" हे वाक्य ऐकल्यावर घरच्यांचे चेहरे कसे उतरतात ते दर वेळी पाहिलं. केस फार बिघडली म्हणून बोर्डात गेली, असा समज असतो. खरं तर बरी होण्यासारखी केस आधी बोर्डात जायला हवी, कारण बिघडण्यासारखं सगळ्यात जास्त तिच्यातच असतं.

आधी एवढं थांबा

बायोप्सी करायला घाबरू नका. सुई लावल्यानं किंवा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही गावगप्पा आहे, आणि तिच्यापायी माणसं दोन-दोन महिने घालवतात. मी सांगतोय ते वेगळं आहे. बायोप्सीत सहसा नखाएवढा तुकडा काढतात, गाठ जागेवरच राहते. "काढूनच टाकू" म्हणजे उपचार सुरू झाला, आणि तो स्कॅनच्या आधी सुरू झाला तर पुढच्या सगळ्यांना अंदाजानं काम करावं लागतं. म्हणून जिथं असाल तिथं एकच विचारा : "डॉक्टर, हे कापायच्या आधी बाकीच्या तज्ज्ञांना दाखवून ठरवता येईल का?" चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

घाई कशाला म्हणायची हेही सांगतो. तपासण्या आणि बोर्ड यात आठ-पंधरा दिवस जातात, त्यानं सहसा काही बिघडत नाही. रक्त थांबत नसेल, श्वास कोंडत असेल, पाण्याचा घोटही जात नसेल तर बोर्डाची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. आणि जडीबुटीवाल्याकडं "महिनाभर बघू" म्हणून थांबणं, यात जातो तो वेळ मात्र परत मिळत नाही.

बैठकीत कोण असतं

तिघं उपचार करणारे. कापणारा सर्जन. किमो आणि इतर औषधं देणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट. रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक किंवा लाइट म्हणतो, ते देणारा रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. दोघं वाचणारे : स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट आणि काचेवरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा पॅथॉलॉजिस्ट. रेडिएशनवाला आणि रेडिओलॉजिस्ट यांच्यात सगळ्यांचा गोंधळ होतो. माझा दोन वर्षं होत होता. हे वाचणारे दोघं पेशंटला बहुधा भेटत नाहीत, पण बैठकीत त्यांच्या एका वाक्यानं सगळा बेत बदलतो.

तोंडाचा कॅन्सर असेल तर प्लास्टिक सर्जन, दातांचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि गिळणं-बोलणं शिकवणारे थेरपिस्टही लागतात. शिवाय वेदना सांभाळणारा पॅलिएटिव्ह केअरचा विभाग. त्याचं नाव निघालं म्हणजे आशा सोडली असं नाही, दुखणं पहिल्या दिवसापासूनच सांभाळायचं असतं.

हे सगळे बसून मुख्यतः क्रम ठरवतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा ऑपरेशन आधी. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा शेक आणि किमो एकत्र देऊन आवाज वाचवता येतो. स्तनाची गाठ मोठी असेल तर अनेकदा किमो आधी आणि ऑपरेशन नंतर. यातली एक गंमत आमच्या शेजारच्या वहिनींच्या वेळी कळली. किमोनं गाठ इतकी विरघळू शकते की पुढं सर्जनला ती सापडतच नाही, म्हणून किमोच्या आधी गाठीत तांदळाच्या दाण्याहून बारीक धातूची क्लिप ठेवतात. ती ठेवतो रेडिओलॉजिस्ट, किमो देतो दुसरा, आणि तिची गरज पडते तिसऱ्याला, चार-पाच महिन्यांनी. तिघं आधी एकमेकांशी बोललेच नाहीत तर क्लिप राहून जाते. वहिनींना अजून मूल हवं होतं, तेही याच बैठकीत निघालं. किमोच्या आधी स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात. किमो सुरू झाल्यावर ते आठवून काय उपयोग?

फाईल

इथं माझा पेशा कामाला येतो, तेव्हा थोडं लांबण लावतो.

दोन कप्प्यांची साधी फाईल घ्या. पारदर्शक खिशांची जाडजूड नको, डॉक्टरला प्रत्येक खिशातून कागद उपसावा लागतो. कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. पहिल्या कप्प्यात बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट, आधी काही ऑपरेशन झालं असेल तर त्याच्या नोट्स आणि डिस्चार्ज कार्ड. दुसऱ्यात रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, विम्याचे कागद. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये.

स्कॅनचा नुसता कागद पुरत नाही. बोर्डातला रेडिओलॉजिस्ट चित्रं स्वतः बघतो, म्हणून सेंटरवरून सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, आणि ती सीडी उघडते का ते तिथंच त्यांच्या कॉम्प्युटरवर बघून निघा. रिकामी सीडी घेऊन तीनशे किलोमीटर आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचा पापुद्रा काढून काचेवर लावला की ती स्लाईड. मोठं हॉस्पिटल बाहेरच्या रिपोर्टवर भरवसा न ठेवता स्लाईड पुन्हा वाचतं, कधी ब्लॉकमधून नवे काप काढतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात, आणि त्यांच्या निकालाशिवाय बोर्ड फारसं काही ठरवू शकत नाही. लॅब ब्लॉक देते, पण लेखी अर्ज आणि सही घेऊन. त्यात एखाद दिवस जातो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धावू नका. मामांचा ब्लॉक मी मामींच्या हळदी-कुंकवाच्या स्टीलच्या डबीत, कापसात गुंडाळून नेला. मे महिना होता. मेण आहे, गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका.

एक पानी कागद

फाईलमध्ये आजार असतो, माणूस नसतो. बोर्डात पेशंटला बहुतेक ठिकाणी बसवत नाहीत. काही ठिकाणी आत बोलावून सगळे मिळून तपासतात, पण एका केसला पाच-दहा मिनिटंच मिळतात. म्हणून एका कोऱ्या पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत चालेल, पण रिपोर्टात नसलेल्या गोष्टी लिहा आणि फाईलच्या वरच लावा.

औषधं कोणती चालू आहेत, त्यात रक्त पातळ करायची गोळी आहे का? शुगर, बीपी, दमा, जुना हार्टचा त्रास? तीन महिन्यांपूर्वीचं वजन आणि आजचं? तोंड किती बोटं उघडतं? कानाला कमी ऐकू येतं का, किडनीचा काही त्रास झालेला का? (सिस्प्लॅटिन नावाची किमो या दोन्हींवर परिणाम करते.) आधीची ऑपरेशनं आणि अपघात? तंबाखू, मावा, मिश्री, दारू, आणि हे खरं लिहा, डॉक्टर पोलिस नाहीत. पोटापाण्याचं काम काय? घरी सांभाळायला कोण आहे? गाव किती लांब?

अपघात आणि काम या दोन ओळी मी उगाच घातलेल्या नाहीत. मामा वीजमंडळात लाइनमन. राहिलेला कॅन्सर तोवर डाव्या जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला, हाडाचा तुकडा काढावा लागणार होता. त्या जागी पायाच्या नळीशेजारचं बारीक हाड आणून बसवतात. प्लास्टिक सर्जनचा बेत डाव्या पायाचा होता. मग कुणीतरी आमचं पान मोठ्यानं वाचलं : "डावा पाय 2009 साली मोटारसायकलवरून पडून मोडला, आत सळई आहे. नोकरी खांबावर चढायची." सळईचा उल्लेख कुठल्याच रिपोर्टात नव्हता. उजवा पाय तेवढा धड राहिलेला, आणि तो खांबावरचा मुख्य आधार. मामांना आत बोलावून विचारलं. मामा म्हणाले, "सायेब, पाय घेऊ नका, थोबाड वाकडं झालं तरी चालंल." जबड्याचं काढायचं हाड मागच्या कोपऱ्यातलं होतं म्हणून छातीचा स्नायू वळवून तिथं भरता आला. हनुवटी थोडी डावीकडं सरकली. आता घास डाव्या बाजूनं चावता येत नाही. पण हा सौदा मामांनी स्वतः, समजून केला.

त्याच बैठकीत दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढं शेक लागणार, आणि शेक दिलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडायचा धोका असतो. मग मामांचे तीन किडके दात ऑपरेशनच्या भुलीतच काढले. वेगळी भूल नाही, वेगळी फेरी नाही, जखम भरायला वेगळे दिवस नाहीत.

त्या दिवशी आणि त्यानंतर

सोबत दोघं जा. एक पेशंटपाशी, एक कागदांपाशी. पाच जण जाऊ नका, बाकड्यावर जागा नसते आणि पाचही जण वेगवेगळं ऐकून येतात. नंबर सकाळी लागला तरी निकाल दुपारी कळेल असं धरा. डबा न्या, तोंड उघडत नसेल तर पेज किंवा ताक.

निकाल सांगायला बोर्डातला एकच डॉक्टर बाहेर येतो, बहुधा घाईत असतो. त्याच्यासमोर वही उघडा आणि याच क्रमानं विचारा. स्टेज कोणती? हे उपचार बरं करण्यासाठी आहेत की त्रास कमी करून आयुष्य वाढवण्यासाठी? पहिलं काय, कुणाकडं, कुठल्या तारखेला? त्यानंतर काय लागण्याची शक्यता आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडलं तर फोन कुणाला करायचा? पाच विभागांची माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं सांगितलं असेल. एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बोर्डाचा निर्णय केस पेपरवर लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढा.

"गाठ गालात आहे, मग मान का कापताय?" हा प्रश्न आमच्याकडं हमखास येतो. मानेत हाताला काही लागत नसलं तरी बारीक कॅन्सर तिथल्या लसीका ग्रंथींत, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या छोट्या गाठींत, गेलेला असू शकतो. यावरचा मोठा अभ्यास टाटा मेमोरियलमध्येच झाला. तो 2015 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर, मानेत गाठ नाही, अशा पेशंटपैकी ज्यांच्या मानेतल्या या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. हे आकडे मी मामींना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "मग थांबायचं कशाला?"

बोर्डाचा निर्णय म्हणजे हुकूम नाही. पटलं नाही तर दुसरं मत घ्या, फक्त एकदाच आणि लवकर, आणि तेही बोर्ड असलेल्या ठिकाणी. सहा ठिकाणी सहा मतं गोळा करत बसलात तर त्या दोन महिन्यांत स्टेज बदलू शकते आणि जुनी मतं रद्दीत जातात.

दुसरी बैठक, आणि घड्याळ

ऑपरेशननंतर काढलेला सगळा भाग पॅथॉलॉजीला जातो. त्याचा रिपोर्ट आला की केस पुन्हा बोर्डात. हे पुष्कळांना माहीतच नसतं, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं समजून लोक घरी जातात. मामांच्या मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर निघाला आणि एकीत तो गाठीचं वेष्टन फोडून बाहेर आलेला. अशा वेळी नुसता शेक पुरत नाही, सोबत किमोही लागते.

ऑपरेशननंतरचा शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मामांचा रिपोर्ट अठराव्या दिवशी तयार होता, पण आम्ही विचारायला गेलो पंचविसाव्या दिवशी. "फोन येईल" असं वाटत होतं. फोन येत नसतो. शिवाय शेकाच्या आधी चेहऱ्याचा साचा बनवणं, प्लॅनिंगचा स्कॅन, मशिनचा नंबर यात आठ-दहा दिवस जातात. शेक सोमवार ते शुक्रवार, साधारण तीस वेळा, म्हणजे सहा आठवडे. एकेका वेळी दहा-पंधरा मिनिटंच, पण मधे खंड पडून चालत नाही. लग्न, पेरणी, वारी, सगळं त्यानुसार आधीच हलवा. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघतं आणि वजन उतरतं. नाकातून नळी घाला म्हटलं की पेशंट नको म्हणतो. मामा दहा दिवस हट्टाला पेटले होते, मग आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या वजनाचा तक्ता समोर ठेवला. नळीतून नाचणीची पेज, दूध, अंडं फेटून, सगळं जातं.

पैसा आणि मुक्काम

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला दाखल व्हायच्या आधी भेटा, नंतर नाही. मंजुरीला बोर्डाचा लेखी निर्णय जोडायला सांगू शकतात, म्हणून तो फोटो जपा. पैशाची अडचण डॉक्टरपासून लपवू नका. बोर्डाला आधी कळलं तर झेपेल असा मार्ग निघू शकतो, अर्ध्यावर किमो सोडली तर नंतर मार्ग काढणं अवघड जातं. हॉस्पिटलातले मेडिकल सोशल वर्कर यासाठीच असतात.

मुंबईत मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणं. हॉस्पिटलची चिठ्ठी लागते, आणि जागा लगेच मिळेलच असं नाही. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात पेशंटला आणि एका सोबत्याला तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म हॉस्पिटलातूनच सही होऊन मिळतो.

सगळ्यांनी मुंबईच गाठायला हवी असंही नाही. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं कॅन्सरची मोठी हॉस्पिटलं आहेत. 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली हॉस्पिटलं जोडलेली आहेत. बेत मोठ्या ठिकाणी ठरवून रोजचा शेक घराजवळ घेता येतो. तसं करायचं असेल तर बोर्डालाच विचारा आणि पत्र लिहून घ्या.

पेशंटला सांगायचं का

"बाबांना सांगू नका, खचतील." हे मी प्रत्येक घरात ऐकलं. पण कॅन्सरच्या वॉर्डात सहा आठवडे बसणाऱ्या माणसाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मामांना आम्ही "गाठ आहे, साधी आहे" सांगून नेलं होतं. पाय की छाती हे विचारायला बोर्डानं त्यांना आत घेतलं तेव्हा ते शांत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भाचेबुवा, परळला साध्या गाठीला एवढे डॉक्टर बसत नाहीत. हे एसटीतच ओळखलं होतं मी."

मामा आता जमिनीवरचं काम करतात, सबस्टेशनच्या नोंदवहीचं. पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी तपासणी होती, पुढं अंतर वाढत गेलं. फाईल दोन कप्प्यांची चार झाली आहे. ती मामींनी देवघराखालच्या फडताळात ठेवली आहे, वर तोच एक पानी कागद. वजनाच्या रकान्यात त्या दर तपासणीला नवा आकडा लिहितात, पेन्सिलीनं.